सत्तेचाळिसाव्या पानावरची तारीख

सरांना अख्खं कॉलेज त्यांच्या माघारी 'उघडसर' म्हणायचं. फळ्यावर गणिताची सिद्धता लिहिताना जिथे मुलांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, नेमकं तिथेच सर खडूने फळ्यावर टक् करून म्हणायचे, "इथून पुढचं उघड आहे." मग कुणाची बिशाद होती विचारायची? उघड आहे म्हटल्यावरही ज्याला दिसत नाही तो मठ्ठच असणार, आणि एकोणिसाव्या वर्षी भरवर्गात मठ्ठ ठरायला कुणी तयार नसतं. मुलं माना डोलवायची, उतरवून घ्यायची, परीक्षेत जसंच्या तसं ओकायची आणि पास व्हायची. अशी तेहतीस वर्षं गेली होती आणि आता सरांच्या निवृत्तीला महिना उरला होता.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तासाला कधी मिनिटभर उशीर नाही. खडूचा डबा स्वतःचा, त्यात शेवटच्या ओळीसाठी पिवळा खडू वेगळा. जिन्यात कुणी एकट्याने गाठून शंका विचारली तर सर पायरीवरच बसकण मारायचे, मांडीवर कागद ठेवून समजावायचे, त्यात बस निघून गेली तरी कुरकुर नाही. भरवर्गात मात्र त्यांना शंका सोसायची नाही. चारचौघांत कुणी हात वर केला की सरांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

त्यांचा जीव एका वहीत होता. जाड पुठ्ठ्याची, एकशे बारा पानांची वही, दुसऱ्या वर्षाचा सगळा कॅल्क्युलस त्यात. ती त्यांनी त्यांच्या गुरूंच्या वहीवरून उतरवली होती आणि गुरूंनी त्यांच्या गुरूंच्या वहीवरून, म्हणजे वहीतल्या चुकासुद्धा तीन पिढ्यांच्या खानदानी होत्या. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख. पान लिहिलं ती तारीख, आणि मागाहून दुरुस्ती केली तर दुरुस्तीची तारीख वेगळी. हीसुद्धा गुरूंचीच सवय. कुठली गोष्ट आपल्याला कधी कळली ते मांडून ठेवावं, म्हणजे गर्व उतरतो, असं ते म्हणायचे. सरांनी सवय उचलली, गर्वाचं तेवढं राहून गेलं.

तर झालं असं की, दोन वर्षांपूर्वी विभागात आलेल्या नव्या मॅडम एका दुपारी सरांच्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या वहीची आपण पुस्तिका छापू या. निरोपाच्या दिवशी सगळ्या मुलांच्या हातात देऊ. अशी वही हल्ली कुणाकडे असते?"

"अहो, त्यात काय एवढं," असं म्हणत म्हणत सरांनी वही काढून त्यांच्या हातात ठेवलीसुद्धा. स्तुती कानावर पडली की माणसाची आठवण पहिली पळते. सरांची आठवण जिन्याच्या दुसऱ्या वळणावर परत आली आणि पाय तिथेच थबकले. सत्तेचाळिसावं पान!

सर धापा टाकत वर आले. "मॅडम, वही जरा... म्हणजे, टाईप कोण करणार आहे?"

"परीक्षा विभागातल्या बाई, आणखी कोण? गणिताची चिन्हं त्यांच्याइतकी नीट इथे कुणाला जमतात? मी देऊनही आले."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या कॉलेजात दीडशे माणसं कामाला होती, आणि ते पान ज्या एका माणसाच्या नजरेला पडू नये, नेमकी त्याच्याच टेबलावर वही जाऊन पडली होती.

त्या पानाचं कोडं कळायला बावीस वर्षं मागे जावं लागेल.

त्या पानावर साखळी नियम होता. एका फलनाच्या, म्हणजे फंक्शनच्या, पोटात दुसरं फलन असेल, तर सगळं मिळून किती वेगाने बदलतं ते सांगणारा नियम. बाहेरच्याचा वेग गुणिले आतल्याचा वेग, संपलं. नियम खराच आहे, त्याला कुणाचा धक्का लागत नाही. पण तो सिद्ध करायला वहीत एक सोपी युक्ती होती: आतल्या फलनात जेवढा बदल होतो तेवढ्याने एकदा भागायचं, एकदा गुणायचं, म्हणजे दोन सुटसुटीत तुकडे पडतात आणि पुढचं उघड आहे. सरांनी टक् केलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, आपण ज्यानं भागतोय, तो बदल शून्य असला तर?"

शून्याने भागायचं नाही, हे शाळेतलं पोरही जाणतं. सर जाणत नव्हते असं कसं म्हणावं? त्या ओळीवर ते कधी थांबलेच नव्हते. गुरूही थांबले नव्हते.

"आतलं फलन स्थिर असेल तर बदल शून्य," सर म्हणाले. "मग उत्तरही शून्य. त्यात सिद्ध काय करायचं? बस खाली."

मुलगी बसली नाही. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तसं नाही सर. स्थिर नाही, पण अधूनमधून शून्य होत असेल तर? आपण जवळ जाऊ तसं पुन्हा पुन्हा?"

'बघून सांगतो' एवढे दोन शब्द पुरले असते. पण साठ जोडी डोळे त्यांच्याकडे लागलेले, कानाच्या पाळ्या तापलेल्या, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "अधूनमधून? फलन काय तुझ्याशी लपाछपी खेळतंय?"

वर्ग खो खो हसला. हसण्याने सरांना जोर चढला. "हे बघ, गणिताला एक डोकं लागतं. ते सगळ्यांकडे असतं असं नाही. नसेल त्याने निदान उतरवून घ्यावं."

मुलगी बसली. त्या दिवसापासून वर्गाने तिचं नाव 'अधूनमधून' पाडलं. कँटीनमध्ये, जिन्यात, हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून दबक्या आवाजात. हजेरी सरच घेत होते, त्यांनाही ऐकू यायचं. ते पुढचा नंबर पुकारायचे.

स्वतःचं खरं करून दाखवायला म्हणून सर त्या संध्याकाळी कागद घेऊन बसले, आणि दुसऱ्या दिवशी लपाछपी खेळणारं फलन त्यांना सापडलं. शून्याच्या जवळ जावं तसं ते खालीवर हेलकावे खात होतं आणि प्रत्येक हेलकाव्यात शून्याला शिवून जात होतं. मुलीने म्हटलं होतं तस्संच, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात त्यांना खरी सिद्धता मिळाली. तिच्यात भागाकार नव्हताच, सगळं गुणाकाराने मांडलं होतं. सरांनी ती एका कागदावर सुबक अक्षरात लिहिली आणि सत्तेचाळिसाव्या पानावर एका कडेने चिकटवली. पान फाडवेना, गुरूंचं होतं. चिकटवलेल्या कागदाच्या कोपऱ्यात सवयीने तारीख पडली: बारा फेब्रुवारी.

उद्या वर्गात सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आजारी म्हणून गैरहजर निघाला, सगळे आले की सांगू म्हटलं, परवा नवा धडा सुरू झाला, आणि मग आता मागचं कशाला उकरायचं, अशी सरांनी स्वतःचीच समजूत घातली.

परीक्षा एकवीस मार्चला होती. साखळी नियम दहा गुणांना. पेपर सरांनीच जानेवारीत काढलेला, आणि त्याबरोबर द्यायचं आदर्श उत्तरही तेव्हाच देऊन ठेवलेलं, म्हणजे वहीतलं जुनं. तपासायला बसले तर एकोणसाठ मुलांनी जुनीच सिद्धता ओकली होती. साठाव्या उत्तरपत्रिकेत गुणाकार होता. पुस्तक न बघता, स्वतःच्या डोक्याने काढलेला, अकरा ओळींत, पुस्तकातल्यापेक्षा देखणा. पत्रिकेवर नुसता नंबर असतो, पण अक्षर सर ओळखत होते.

त्या अकरा ओळींना दहा गुण द्यायचे तर एकोणसाठ जणांचे कापावे लागणार होते. आदर्श उत्तर मागे घ्यावं लागणार, प्राचार्यांना कारण सांगावं लागणार, आणि त्याच वर्गासमोर त्याच फळ्याशी उभं राहावं लागणार. सरांनी लाल पेनाने समासात लिहिलं, 'वर्गात दिल्याप्रमाणे नाही,' आणि दोन गुण दिले.

तिसऱ्या वर्षी गणित हा मुख्य विषय घ्यायला साठ लागायचे. तिला पंचावन्न पडले. पंचावन्न अधिक आठ, ही बेरीज सरांनी तेव्हाही केली आणि पुढेही कितीदा केली. दर वेळी त्रेसष्टच आले.

निकालानंतर ती स्टाफरूममध्ये आली होती. "सर, माझं कुठे चुकलं, तेवढं सांगाल?"

सर टेबलावरचे कागद सारखे करत होते. कागद आधीच सारखे होते. "पद्धत नीट नाही तुझी," ते मान वर न करता म्हणाले. "मी सांगितलं होतं तुला वर्गात."

ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. विषय बदलून पदवीधर झाली, लग्न झालं, आणि सहा वर्षांनी त्याच कॉलेजच्या परीक्षा विभागात, काचेच्या खिडकीमागे, नोकरीला लागली. पहिल्याच दिवशी खिडकीतून हसून म्हणाली, "सर, ओळखलंत?"

"चेहरा ओळखीचा वाटतो," सर म्हणाले. एवढं सरळ खोटं ते जन्मात दुसरं बोलले नसतील.

तेव्हापासून सोळा वर्षं सरांचे पेपर याच बाईंच्या हातून जात होते. पेपर टाईप होऊन परत आला की त्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली असायची. 'प्रश्न तीन ब, कंस पुरा झालेला नाही.' 'प्रश्न पाच, इथे भाजक शून्य होऊ शकतो का? बघावे.' अशी शून्याची चिठ्ठी आली की सर ती दोनदा वाचायचे. त्यांना वाटायचं, बाई टोमणा मारतात. सगळं माहीत आहे, कधीच उघड बोलणार नाहीत, पण दर सहा महिन्यांनी एक टाचणी टोचणार. सर निमूट दुरुस्ती करून पेपर परत पाठवायचे. वर्गातही पुढच्या वर्षीपासून ते बिनचूक सिद्धता शिकवू लागले होते. वर "इथे भले भले चुकतात बरं," असंही म्हणायचे, जणू ते भले भले कुणी दुसऱ्या गावचे होते.

आता वही बाईंच्या टेबलावर होती आणि बाई रोज दहा पानं टाईप करत होत्या.

सोमवारी सर खिडकीशी गेले. "वही जरा हवी होती. एक संदर्भ बघायचाय."

"कुठलं पान सर? झेरॉक्स काढून देते की."

"नको, असू दे," म्हणून सर परत फिरले. मंगळवारी 'सहज' गेले, बाई एकोणिसाव्या पानावर होत्या. बुधवारी एकतिसाव्या. सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. बायकोने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी वाटी पुढे सरकवत विचारलं, "त्या वहीत काय प्रेमपत्रं लपवलीत की काय? एवढा जीव वरखाली होतोय तो."

सर हसले, पण उशिरा हसले. बायकोच्या ते लक्षात आलं.

गुरुवारी तर सरांनी कहर केला. जेवणाच्या सुट्टीत परीक्षा विभाग रिकामा होता. सर आत शिरले. वही टेबलावरच होती, तिच्यावर बाईंचा चष्मा, आणि एक्केचाळिसाव्या पानात खूण म्हणून पेन्सिल. सरांनी चष्मा उचलून बाजूला ठेवला, सत्तेचाळिसावं पान उघडलं आणि चिकटवलेल्या कागदाचा कोपरा चिमटीत धरला. एक हिसका दिला असता तर काम झालं असतं. बाहेर जिन्यात चपला वाजल्या. सरांनी वही मिटली, चष्मा पुन्हा तिच्यावर ठेवला. तो सरळ बसेना. साठीचा माणूस, स्वतःच्याच वहीतलं पान चोरायला आला होता! ज्या मुलांना कॉपी करताना आपण आजवर दंडाला धरून उठवलं, त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा आत्ता आपल्याइतका पडला नसेल, असं सरांना वाटलं. चपलांचा आवाज वरच्या मजल्यावर निघून गेला. सर तसेच बाहेर पडले आणि दुपारचा तास त्यांनी खुर्चीत बसून घेतला.

त्यांनी ठरवलं, आता आपणच सांगायचं. पान तिच्यासमोर यायच्या आत.

शुक्रवारी चार वाजता ते गेले तेव्हा खिडकीपुढची रांग संपली होती. आत बाजूच्या टेबलाशी बाईंची सतरा वर्षांची मुलगी कॉलेज प्रवेशाचा फॉर्म भरत बसली होती.

"या सर, बसा. बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "ही माझी मुलगी. पुढच्या वर्षी इथेच येणार. गणित सोडून काय घ्यायचं ते ठरवतेय."

"गणित का सोडून?" सरांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"आमच्या घरात ते डोकं कुणाला नाही," मुलगीच हसत म्हणाली. अगदी सहज, उंचीबद्दल बोलावं तसं.

बाईंनी वही ओढली. पेन्सिल एकोणपन्नासाव्या पानात होती. सरांना यायला उशीर झाला होता.

"शंका काढून ठेवल्यात मी," बाई कागद बघत म्हणाल्या. "तारखा गाळायला सांगितल्यात नव्या मॅडमनी, पुस्तिकेत बऱ्या दिसत नाहीत म्हणाल्या. म्हणून मी कोपऱ्यांकडे बघतच नाही. चालेल ना?"

"चालेल," सर म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

"पान नऊ, कंस राहिलाय. पान तेहतीस, 'उघड आहे' तीनदा आलंय, एकदा ठेवलं तर?" मुलगी खुदकन हसली. "आणि हे पान सत्तेचाळीस. इथे वर एक कागद चिकटवलाय आणि खाली वेगळंच आहे. कुठलं घेऊ?"

बाईंचा चेहरा रोज खिडकीत असतो तसाच होता. सरांना वाटलं, आली ती वेळ. सोळा वर्षं टाचण्या टोचल्या, आता आपल्याच तोंडून वदवून घेणार. घेऊ दे, आपण त्याच लायकीचे आहोत.

"वरचं घ्या," ते म्हणाले. "खालचं चुकलंय."

"काय चुकलंय त्यात?"

"ज्याने भागलंय, ते शून्य होऊ शकतं."

"नेहमीच?"

"नाही." सरांनी वहीवरची नजर काढून बाईंकडे बघितलं. "अधूनमधून."

बाईंनी शंकांचा कागद खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा मी विचारलं होतं, ते..."

"बरोबर होतं. तुम्ही पेपरात लिहिलंत तेही बरोबर होतं. सबंध वर्गात तेवढंच बरोबर होतं."

आता राग येणार म्हणून सर खुर्चीचा हात धरून बसले. रागाला द्यायची उत्तरं त्यांनी सोळा वर्षं मनात घोटली होती. राग आलाच नाही.

"मला वाटायचं, मीच चुकले," बाई म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कसं असणार सर? तुम्ही चूक दिलंत म्हणजे चूकच असणार ना. मी त्या उन्हाळ्यात किती दिवस ते सोडवत बसले होते, कुठे चुकलं ते शोधायला. सापडेचना. शेवटी म्हटलं, आपली चूकसुद्धा आपल्याला दिसत नाही, म्हणजे सर म्हणतात तेच खरं. आपल्याकडे ते डोकं नाही."

"आणि मग पेपरांना त्या चिठ्ठ्या? भाजक शून्य होऊ शकतो का म्हणून?"

"त्या शंका होत्या," बाई गोंधळून म्हणाल्या. "खऱ्याच. मला वाटायचं, हल्ली निदान एवढं तरी कळायला लागलंय का बघावं."

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते सरांना त्या खुर्चीत बसून कळलं. सोळा वर्षं ते हिच्या मनातल्या तिरस्काराला भीत आले होते, आणि तिच्या मनात त्यांच्याविषयी विश्वासाशिवाय काही नव्हतं. तिरस्कार असता तर बरं झालं असतं. निदान ती स्वतःला तरी शहाणी समजत राहिली असती. मुलीसमोर म्हणाली नसती, आमच्या घरात ते डोकं नाही.

बाईंनी सरांचा चेहरा बघितला आणि उलट त्याच त्यांना सावरायला धावल्या. "जाऊ द्या सर. तुम्हालाही तेव्हा ठाऊक नव्हतं. माणूसच आहे, होतं असं. नंतर कळल्यावर तुम्ही नीट करून चिकटवलंत की."

"हं," सर म्हणाले.

खरं तर सुटका झाली होती. न कळता झालेली चूक म्हणून बाईंनी ती पदरात घेतली होती. तारखा गाळल्या होत्या. उठायचं, "वरचं घ्या" म्हणायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. सर उठलेही.

"मग सर, तुम्हाला कधी कळलं?"

मुलीने विचारलं होतं. फॉर्म बाजूला सारून, हनुवटीखाली मूठ धरून. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"अगं, असं विचारतात का?" बाई दटावून म्हणाल्या.

'नंतर' एवढा एक शब्द पुरला असता. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते पुन्हा खुर्चीत बसले, वही बाईंकडे फिरवली आणि चिकटवलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे आहे," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला. "बारा फेब्रुवारी," त्यांनी वाचलं, आणि पुढे वर्षही वाचलं. परीक्षा विभागातल्या बाईंना परीक्षेची तारीख कुणी सांगावी लागत नाही, आणि त्या परीक्षेची तर मुळीच नाही.

"परीक्षा एकवीस मार्चला होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे माझा पेपर तपासताना..."

"माहीत होतं. तुम्ही विचारायला आलात आणि मी परत पाठवलं, तेव्हाही माहीत होतं. मला वर्गासमोर जायची लाज वाटली. म्हणून." सरांना आणखी बोलायचं होतं. माफी हा शब्द ओठापर्यंत आला, पण त्या शब्दाचं या टेबलावर काही काम नाही असं त्यांना वाटलं आणि तो तिथेच राहिला.

मुलगी एकदा आईकडे, एकदा सरांकडे बघत होती. बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मग कीबोर्ड जवळ ओढून त्यांनी पडद्यावर सत्तेचाळिसावं पान आणलं. आधीच्या शेहेचाळीस पानांचे कोपरे कोरे होते. या पानाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एकेक अक्षर दाबत तारीख घातली, वर्षासकट.

"ही असू दे," त्या म्हणाल्या. सरांकडे न बघता म्हणाल्या. विचारत नव्हत्या.

"असू दे," सर म्हणाले.

प्रिंटर घरघरला. बाईंनी कागद काढून सरांपुढे ठेवला. "तपासून सही करा. प्रत्येक पानावर लागते."

सरांनी पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. चूक एकही नव्हती. त्यांनी खाली सही केली, आणि सहीखाली, सवयीने, आजची तारीख लिहिली.